आगोट आणि निघायची पिशवी

शाळेत सहा ऋतू शिकवतात. मीही ते तोंडपाठ केले होते आणि पुढे मुलांकडूनही करून घेतले. पण १९९९ साली लग्न होऊन साताऱ्याकडून दासगावला आले आणि वर्षभरातच कळलं, की आमच्या घरात ऋतू दोनच. एक पाऊस आणि दुसरा पावसाची तयारी. थंडी असते म्हणा, पण ती वालाच्या शेंगा आणि एखादी पोपटी होईपर्यंत. शिमगा झाला, पालखी घरी येऊन गेली, की सासूबाई अंगणात उभ्या राहून कौलांकडे बघायला लागतात. तेव्हा समजायचं, तयारी सुरू.

या तयारीला आमच्याकडे आगोट म्हणतात. एप्रिल-मे म्हणजे घराचं नुसतं गोदाम. घर शाकारून घ्यायचं, न्हाणीच्या चुलीसाठी लाकडं फोडून पडवीत रचायची, पश्चिमेच्या खिडक्यांना झडीसाठी प्लास्टिक ठोकायचं. मिरच्या, मसाला, आमसुलं, कुळीथ, कडवे वाल, खडे मीठ. आणि सुकी मासळी, कारण १ जूनपासून दर्यावरची मासेमारी बंद. सोडे दरवर्षी महाग असतात. दरवर्षी आम्ही "यंदा नकोत" असं ठरवतो आणि दरवर्षी घेतो. बोंबील सासूबाई मोजून ठेवतात. जुलैत एखादा कमी भरला तर चौकशी मांजरापासून सुरू होऊन माझ्यापर्यंत येते.

मुलगा पुण्याला नोकरीला. तो हसतो. "आई, आता फोनवर सांगितलं की अर्ध्या तासात सामान दारात येतं. कशाला एवढा पसारा?" येतं रे बाबा, पुण्यात येतं. २२ जुलै २०२१ ला काय झालं ते तो विसरला. आषाढी एकादशी होऊन गेली होती, पौर्णिमा तोंडावर. म्हणजे खाडीला उधाण. तिकडे महाबळेश्वर-पोलादपूरला धो धो पाऊस आणि इकडून भरती, मग सावित्रीनं पाणी टाकायचं कुठं? तिनं ते महाडच्या बाजारपेठेत टाकलं. (१९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीनं आले ते आमच्या दासगावच्या बंदरात उतरले होते. आज त्या खाडीत इतका गाळ आहे, की बोट येणार कशी हा प्रश्न पडावा. पाणी तरी जाणार कसं?) पुढचे काही दिवस वीज नाही, फोन नाही, दुकानांतला माल चिखलात. आम्ही मात्र कुळथाची पिठी, भात आणि जवळा असं व्यवस्थित जेवलो. त्यामुळे आगोट जुनाट झाली असं कुणी म्हटलं की मी सून असूनही सासूबाईंच्या बाजूनं भांडते.

पण या आगोटीत एक गोष्ट कमी आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. घर सोडायची तयारी.

२५ आणि २६ जुलै २००५. मुंबईकरांना ते दिवस सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरमुळे आठवतात. आमच्याकडे ते दरडींचे. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. ज्या घरी मी श्रावणात हळदीकुंकवाला जायची, तिथं दुसऱ्या दिवशी नुसती लाल माती होती आणि त्यात एक पितळी कळशी. त्याबद्दल मी इतकंच लिहीन. आमचं घर वाचलं, त्यात आमची काही हुशारी नव्हती.

तेव्हापासून मागच्या, डोंगराकडच्या खोलीत पावसाळ्यात कुणी झोपत नाही. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललंही नाही. गाद्या आपोआप जूनमध्ये पुढच्या खोलीत येतात आणि दसऱ्याला मागे जातात. आमच्या घरातली भीती अशी गाद्यांबरोबर फिरते.

पुढे भूवैज्ञानिक आले, तालुक्यातल्या धोक्याच्या जागा तपासल्या, याद्या झाल्या. पाऊस वाढला की सुरक्षित ठिकाणी जा असं सांगितलं जातं. आणि माणसं जात नाहीत. मी नावं ठेवत नाही, कारण आम्हीही जात नव्हतो. लावणी अर्धी राहिलेली असते, गुरांना कुठं न्यायचं, कुणाकडे किती दिवस राहायचं. शिवाय रात्री दोन वाजता भर पावसात घरातल्या चार माणसांनी मिळून कुठलाही निर्णय घेतला, तर तो "सकाळी बघू" हाच असतो. इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ ला दरड आली ती रात्रीच.

म्हणून माझं म्हणणं, हा निर्णय मे महिन्यात घ्यावा. ऊन असताना, मसाला कुटता कुटता. कुठं जायचं, कोण काय उचलणार, गुरांची दावी कोण सोडणार. महाडला जाऊन उपयोग नाही, इथं डोंगर तर तिथं पाणी. आमचं ठरलंय, माणगावला नणंदेकडे, आणि रस्ता चालू आहे तोवर.

लक्षणं ओळखायची तर बायकांइतकं कोण ओळखणार? खाली कातळ, त्यावर माती-मुरूम. त्यात पाणी मुरत मुरत थर जड होतो आणि एका क्षणी घसरतो. पण त्याआधी बऱ्याचदा मागच्या दारी खुणा दिसतात. जमिनीला भेग जाते, झाड किंवा विजेचा खांब कलतो, नितळ झरा एकाएकी गढूळ होतो, नको तिथं नवा झरा फुटतो. भांडी घासायला मागे रोज आपणच बसतो की! दारं-खिडक्या अडकायला लागणं हेही एक लक्षण सांगतात. आता आमच्याकडे जूनपासून सगळीच दारं फुगून अडकतात, त्यामुळे तेवढं एक मी सोडून दिलंय.

तर २०२२ च्या मे महिन्यात मी एक पिशवी भरली. रेशनकार्ड, आधार, सातबारा, पासबुकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, बॅटरी, एकेक जोड कपडे. अडकवली पुढच्या दाराच्या खिळ्याला. सासूबाईंनी ती बघितली आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भरल्या घराला असं अभद्र का दाखवतेस?" यांनीही मान डोलावली. आईसमोर ते नेहमीच डोलावतात.

मी म्हटलं, "आई, तुम्ही मीठ भरून ठेवता ते काय दुकानदार मरावा म्हणून?"

उत्तर आलं नाही. पिशवी मात्र खिळ्यावरच राहिली. पुढच्या वर्षी गोळ्या बदलून द्यायला त्याच आल्या, आणि आता तर मे लागला की "पिशवी बघितलीस का" हे वाक्य "मीठ आणलंस का" याच्या मागोमाग येतं. निघालो म्हणाल तर आजवर दोनदाच. दोन्ही वेळा काही झालं नाही, दोन्ही वेळा यांनी "उगाच आलो" म्हणून नणंदेच्या हातचं वडे-सागुती खाल्लं.

यंदा कागद बदलायला पिशवी उघडली तर तळाशी एक पुडकं. सोडे! पावशेर तरी असतील.

"आई, हे काय?"

"अगं, लोकांच्या दारी जायचं तर हात हलवत जायचं?"

आता आमच्या सातबाऱ्याला सोड्यांचा वास येतो. मांजर दिवसभर त्या खिळ्याखाली बसून असतं.