काचपेटीतील मासा आणि झाकण

शाळेच्या प्रयोगशाळेत अथवा वाचनालयाच्या दालनात माशांची काचपेटी ठेवली, की एक प्रसंग बहुधा घडतोच. सायंकाळी मासे मोजले तेव्हा संख्या बरोबर होती; सकाळी दार उघडले तो एक मासा फरशीवर कोरडा पडलेला. कोणी मांजराला दोष देतो, कोणी म्हणतो की माशाने जीव दिला. या दुसऱ्या म्हणण्यात करुणा असेल, विज्ञान मात्र नाही. ओढ्यात किंवा तळ्यात उडी मारणारा मासा पुन्हा पाण्यातच पडतो. काचेच्या पलीकडे फरशी आहे, याची जाणीव त्याला असण्याचे काहीच कारण नाही. ती जाणीव पेटी मांडणाऱ्याला हवी होती.

उडी ही माशाची विकृती आहे, असा समज सर्वत्र दिसतो. आपल्याकडील विहिरींत आणि हौदांत डासांच्या अळ्या खाण्यासाठी सोडला जाणारा गप्पी मासा हा समज खोटा ठरवतो. गप्पी मूळचा त्रिनिदाद बेटावरील व दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एका गप्पीने आपल्या पात्रातून उडी घेतली आणि तो थेट डॅफ्नी सोआरेस या संशोधिकेच्या थंड चहाच्या पेल्यात जाऊन पडला! हा अपघात विनोद म्हणून सोडून न देता सोआरेस व हिलरी बिअरमन यांनी गप्पीच्या उड्यांचे अतिवेगवान छायाचित्रण केले आणि 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पात्रात मासा एकटा होता; त्याला कोणी भिवविले नव्हते, कोणी पाठलाग केला नव्हता. तरीही तो प्रथम परांच्या साहाय्याने हळूहळू मागे सरके, जणू धावपटू मागे येऊन जागा घेतो तसा, आणि मग शेपटीच्या जोराने आपल्या लांबीच्या कित्येक पट अंतर झेपावे. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत धबधब्यांमुळे पाण्याचे तुकडे पडलेले असतात. एका डोहातून दुसऱ्या डोहात पसरण्यासाठी ही सवय उपयोगी पडत असावी, असे या संशोधिकांचे अनुमान आहे. अनुमान बरोबर असो वा नसो, निरोगी, निर्भय मासाही उडी मारतो, एवढे निश्चित झाले. अशा उडीवर झाकणाखेरीज उपाय नाही. पाणी काठापासून चार बोटे खाली ठेवावे, हा सल्ला चांगला आहे. परंतु तीन सेंटिमीटरच्या गप्पीलासुद्धा चार बोटांचे अंतर फारसे अडवीत नाही.

दुसरी उडी भीतीची. माशाच्या मेंदूच्या मागील भागात मौथनर यांच्या नावाने ओळखली जाणारी मोठ्या मज्जापेशींची एक जोडी असते. पाण्यात अचानक हादरा बसताच सेकंदाच्या शतांशाच्या आसपास तिचा संदेश स्नायूंना पोहोचतो, अंग कमानीसारखे वाकते आणि मासा दिसेल त्या दिशेने सुटतो. काचेवर बोटाने टकटक करणारा विद्यार्थी किंवा अंधाऱ्या खोलीत एकाएकी दिवा लावणारा शिपाई हा हादरा नकळत देत असतो. पेटीत नव्याने आणलेला मासा पहिल्या काही रात्री विशेष बिथरलेला असतो. आपल्या सह्याद्रीतील ओढ्यांत सापडणारे दानिओ कुळातील चपळ मासे तर या बाबतीत कुप्रसिद्धच आहेत.

तिसऱ्या उडीचे कारण पाण्यातच असते. 20 अंश सेल्सिअस तापमानाला एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. 30 अंशांना हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. उन्हाळ्यात दाटीने भरलेल्या पेटीत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात, त्याचे कारण हेच. नव्या पेटीत माशांच्या उत्सर्गापासून अमोनिया साचतो. त्याचे रूपांतर करणारे जीवाणू वाढण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर तो कल्ल्यांना झोंबत राहतो. नळाच्या ताज्या पाण्यातील क्लोरिनही तसाच. अशा पाण्यातील मासा उडी मारतो तेव्हा झाकण त्याला फरशीवर पडू देत नाही, इतकेच. तो आतल्या आत मरतो आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून उडीची नोंद झाली की त्याच दिवशी काही पाणी बदलावे, माशांची संख्या मोजावी आणि मगच झाकण तपासावे. बहुतेक ठिकाणी नेमका उलटा क्रम चालतो, किंवा नुसते झाकण येते आणि चौकशी संपते.

झाकणाने शोभा जाते आणि माशांना हवा मिळत नाही, असे दोन आक्षेप घेतले जातात. शोभेचा आक्षेप शाळेने ऐकूच नये. हवेचा आक्षेप घट्ट बसविलेल्या काचेपुरता खरा आहे. त्यावर उपाय लाकडी चौकटीवर ताणलेल्या मच्छरदाणीच्या कापडाचा. ते स्वस्त असते, हवा जाऊ देते आणि गंजत नाही. तांब्यापितळेची जाळी मात्र वापरू नये, कारण तांबे पाण्यात उतरल्यास माशांना विषारी ठरते. नळी व तार जाण्यासाठी मागे ठेवलेली फट बहुधा सर्वांच्या नजरेतून सुटते. मासा नेमका तेथूनच निसटतो. ती कापसाने नव्हे, तर कापून बसविलेल्या स्पंजाच्या तुकड्याने बंद करावी.

फरशीवर सापडलेला मासा मेलाच असे धरून चालू नये. पाण्याबाहेर कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात, त्यामुळे भोवती प्राणवायू विपुल असूनही तो गुदमरतो. परंतु अंग ओलसर असेल तर वेळ गेलेली नसते. हात ओले करून त्याला उचलावे, त्याच पेटीतील पाण्याच्या वेगळ्या भांड्यात सोडावे आणि कल्ल्यांवरील झाकणे हलतात का, हे काही वेळ शांतपणे पाहावे.