घराचा भाव आणि घरातले हिस्से



मे महिन्यात आमच्या घरमालकांनी निरोप दिला की कोथरूडची ही सोसायटी आता पुनर्विकासाला जाणार, तेव्हा वर्षभरात दुसरी सोय बघा. निरोप सभ्यपणे दिला, मुदतही भरपूर दिली. तक्रारीला जागा नव्हती. पण अकरा वर्षं ज्या भिंतींवर मुलांची उंची पेन्सिलीने नोंदवली, त्या भिंती पाडल्या जाणार हे कळल्यावर त्या रात्री घरात कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मुलांच्या अम्मीने वही काढली. तिचं म्हणणं सरळ होतं. भाड्याच्या घरासाठी पुन्हा दारोदार फिरायचं, फोनवर नाव सांगितलं की "जागा कालच गेली" ऐकायचं, हे या वयात नको. एकदाच काय ते आपलं घर घेऊ. आणि पैसे? रत्नागिरीचं अब्बांचं घर आहे ना! अम्मीच्या इंतकालनंतर चार वर्षं ते बंदच आहे. ते विकू, भाईजान निम्मे घेतील, आपण निम्मे घेऊ.

इथून आमचा हिशेब सुरू झाला. तो वाचकांपुढे ठेवतो आहोत, कारण समुद्रकाठचं वाडवडिलांचं घर आणि शहरातलं भाड्याचं घर असा संसार आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचा आहे. कुणाचं श्रीवर्धनला, कुणाचं मुरूडला, कुणाचं हर्णैला.

पहिली अडचण मापाची आली. कोथरूडला भाव चौरस फुटाला सांगतात, रत्नागिरीत जागेचा भाव गुंठ्याला सांगतात. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शिवाय कोथरूडमध्येही नव्या इमारतीचा भाव चटईक्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवर, सांगायचा असा महारेराचा नियम २०१७ पासून आहे. जुना फ्लॅट विकणारा मात्र अजून जिना आणि गच्ची धरून क्षेत्रफळ सांगतो. म्हणून ज्यांना तुलना करायची असेल त्यांनी आधी एकच प्रश्न विचारावा : "चटई किती?" त्याशिवाय दोन भाव शेजारी मांडू नयेत.

आम्ही फिरलो तेव्हा पौड रस्ता, मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी या पट्ट्यात साधारण १४,००० रुपये चौरस फूट असा आकडा कानावर पडला. कुठे कमी, कुठे बराच जास्त. रत्नागिरी शहरात नव्या फ्लॅटचा भाव त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास सांगितला गेला. म्हणजे इथे दोन खोल्या, तर तिथे तेवढ्यात सहा.

हा फरक का? माती तर दोन्हीकडे अल्लाहचीच. पण घराचा भाव विटांचा नसतो, घराभोवतीच्या रोजगाराचा असतो. कोथरूड एकेकाळी शेतांचं गाव होतं. शाळा-कॉलेजं आली, कंपन्या आल्या, ६ मार्च २०२२ ला वनाझहून मेट्रो धावू लागली, आणि जुन्या चार मजली सोसायट्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. दर वेळी भाव एक पायरी चढला. रत्नागिरीला बंदर आहे, मासळी आहे, हापूस आहे, १९९८ पासून कोकण रेल्वेही पूर्ण धावते आहे. पण पोरगा शिकला की तो मुंबईला जातो, पुण्याला जातो, नाहीतर कुवेत-बहारीनला. त्याने पाठवलेल्या पैशांतून गावाकडे घर उभं राहतं आणि त्या घराला कुलूप लागतं. विकणारे बरेच, राहणारे थोडे, मग भाव कसा चढणार?

आणि स्वस्त घराचाही खर्च असतो. रत्नागिरीला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. बंद घरावर तो चार पावसाळे पडला की कौलं सरकतात, वाशांना वाळवी लागते, जांभ्याच्या भिंतीला शेवाळ धरतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या कितीतरी घरांची छपरं उडाली, ती बांधताना घरोघरी दागिने गहाण पडले. समुद्राला लागून जागा घेऊ पाहणाऱ्यांनी किनारा नियमन क्षेत्राची रेषा आधी तपासावी, कारण भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतरात बांधकामाला मनाई किंवा बंधनं असतात. शेतजमीन स्वस्त मिळते म्हणून हुरळू नये. आपल्या राज्यात शेतजमीन विकत घ्यायला साधारणपणे खरेदीदार स्वतः शेतकरी असावा लागतो, त्यामुळे घरासाठी बिगरशेती झालेलाच तुकडा बघावा.

आता कोथरूडचा हिशेब. ६५० चौरस फूट चटईचा फ्लॅट, १४,००० भावाने, म्हणजे ९१ लाख. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के. ते करारातली रक्कम आणि सरकारी मूल्यदर यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६ टक्के. या एका टक्क्याचे आमच्या हिशेबात ९१ हजार होतात. (मुलांच्या अम्मीने या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.) नोंदणी फी धरून एकूण ९७ लाख झाले.

आमच्याकडे साठवलेले १३ लाख होते. रत्नागिरीच्या घराला एका माहीतगाराने ४८ लाखांचा अंदाज दिला होता, त्यातले निम्मे २४. एकूण ३७. उरले ६० लाख. ते बँकेकडून ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ५२,००० आणि परतफेड जवळजवळ १ कोटी २५ लाख. म्हणजे ९७ लाखांचं घर १ कोटी ६२ लाखांना पडणार. याच घराचं भाडं २६ हजार आहे. म्हणजे घरमालकाला त्याच्या ९१ लाखांवर वर्षाला साडेतीन टक्केही सुटत नाहीत, आणि आम्ही साडेआठ टक्के भरायला निघालो होतो. व्याजाचा प्रश्न वेगळाच. त्यावर उलमांची मतं आहेत, गरज कशाला म्हणायचं यावर चर्चा आहे. इथे आम्ही फतवा देणारे कोण? ज्याने त्याने आपल्या जाणत्या मुफ्तींना आपली खरी परिस्थिती सांगून विचारावं. आम्ही विचारायला गेलो आणि तिथेच अडकलो.

मौलाना साहेबांनी व्याजाचं ऐकायच्या आधी एक साधा प्रश्न केला. "२४ लाख तुमचे कसे?"

आम्ही सांगितलं, दोघे भाऊ, निम्मे निम्मे.

"बहिणी किती?"

दोन. आपा चिपळूणला, धाकटी मुंब्र्याला.

मौलाना काही बोलले नाहीत. कागद ओढून त्यांनी हिशेब मांडला. कफन-दफन, कर्ज, बायकोचा न दिलेला महर आणि असेल तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंतची वसीयत हे वजा झाल्यावर जे उरतं त्याचे हिस्से. अब्बा गेले तेव्हा अम्मी हयात होत्या. बायकोचा आठवा हिस्सा, बाकीच्यात मुलाला दोन आणि मुलीला एक. घराचे ४८ भाग केले तर अम्मीचे ६, दोघा भावांचे १४-१४, दोघी बहिणींचे ७-७. पुढे अम्मी गेल्या, त्यांच्या ६ भागांतले भावांना २-२, बहिणींना १-१. म्हणजे आज भावाचे १६ आणि बहिणीचे ८. घर ४८ लाखांचं, म्हणून एक भाग एक लाखाचा. लहान मुलालाही समजेल असा हिशेब.

आमचे २४ नव्हते, १६ होते. वरचे ८ लाख एका बहिणीचे होते, जसे भाईजानच्या २४ मधले ८ दुसरीचे.

परत येताना रिक्षात मुलांच्या अम्मीने आठ लाखांना चौदा हजारांनी भागलं. ५७ चौरस फूट. तिने पाहून ठेवलेल्या फ्लॅटच्या नकाशात स्वयंपाकघर होतं सात बाय आठ. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी रोज आपाच्या जागेत स्वयंपाक करणार होते." वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याविषयी हदीसमध्ये किती कडक इशारा आहे, तो लहानपणापासून मदरशात ऐकलेला. पण तो आम्ही नेहमी बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यासाठीच आहे असं समजत आलो.

आता कुणी म्हणेल, बहिणींनी कधी मागितलं का? नाही मागितलं. अम्मीच्या चाळिसाव्याला भाईजानने विषय काढला तेव्हा आपा म्हणाल्या होत्या, "मला काही नको, माझं माहेर राहू द्या." आम्ही किती सोयीने ते पहिलं अर्धं वाक्य लक्षात ठेवलं! मौलाना साहेब म्हणाले, बहिणीने माफ केलं असं आपल्याकडे प्रत्येक घरात सांगतात. पण हिस्सा मागितला तर भावाचं दार बंद होईल या भीतीने केलेली माफी ही माफी नव्हे. आधी तिचा हिस्सा तिच्या हातात ठेवा. मग तिने खुशीने परत दिला तर तो तुमचा. सूरह निसामध्ये थोडं असो वा जास्त, स्त्रियांचा वाटा ठरवून दिला आहे, आणि तो देताना तिने मागावा अशी अट कुठेही नाही.

जूनमध्ये भाईजान कुवेतहून आले तेव्हा आम्ही सगळे रत्नागिरीला गेलो. पुण्याहून कराडमार्गे आंबा घाट उतरून तीनशे किलोमीटरच्या घरात अंतर. घराचं कुलूप गंजलेलं, ते तेल घालून उघडावं लागलं. दुपारी ओसरीवर चौघे बसलो, कागद मध्ये ठेवला. खरं सांगायचं तर बोलायला जीभ उचलत नव्हती.

धाकटीने कागद वाचला आणि ती रडू लागली. मग म्हणाली, मुलाची इंजिनिअरिंगची फी भरायला तिने मार्चमध्ये बांगड्या मोडल्या. आम्हाला सांगितलं नाही. "कसं सांगणार? भावांनी वाटा मागते असं समजलं असतं तर?" आपांनी मात्र पैशांना नाही म्हटलं, आणि या वेळी आम्ही त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं. त्या म्हणाल्या, "घर विकू नका. मला माझा वाटा भिंतीत हवा. आणि एक किल्ली हवी. या दारात यायला मला कुणाला फोन करावा लागू नये."

घराची घरपट्टी भाईजानच्या नावाने येते. त्यावरून ते मालक, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही, हे भूमापन कार्यालयात गेल्यावर कळलं. मिळकत पत्रिकेवर अजून अब्बांचंच नाव होतं. चौघांची वारस नोंद व्हावी म्हणून दुसऱ्या दिवशी अर्ज केला. आपल्या बहिणींना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. वारस नोंदीच्या कागदासोबत कधीकधी हक्कसोडपत्रही सहीला पुढे येतं. दोन्ही वेगळे. पहिल्यात तुमचं नाव लागतं, दुसऱ्यात ते निघून जातं. मजकूर वाचल्याशिवाय सही करू नका, समोर सख्खा भाऊ असला तरी. खरा भाऊ वाचून दाखवेल.

शेवटी ठरलं ते असं. घर विकायचं नाही. धाकटीचे ८ लाख भाईजान देतील, तेही आधी, आणि रीतसर नोंदणी करून तिचा भाग घेतील. आमचे १६ भागही तेच घेणार, पण दोन वर्षांत, जमेल तसे. आपांचे ८ भाग आपांचेच. छपराच्या दुरुस्तीचा खर्च ज्याचा जितका भाग तितका.

आमचं काय? कोथरूडमधलं ते घर आता आमच्या हिशेबात बसत नाही, हे मान्य केलं. मुलांच्या अम्मीला वाईट वाटलं, ते वाटणारच. थोरल्या मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे, तीही हिरमुसली. सध्या आम्ही वारज्याकडे, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत जागा बघतो आहोत. नाही जमलं तर पुन्हा भाड्याने. त्यात पुन्हा ते फोन आलेच. पण वहीत आता जो आकडा आहे तो लहान असला तरी आमचा आहे.

वाचकांना एवढीच विनंती. गावच्या घराचा भाव विचारण्याआधी घरात बसून हिस्से मांडा. अब्बा-अम्मी हयात असतील तर त्यांच्यासमोरच विषय काढा. कुणाला हयातीत हिबा करायचा असेल तर तो ताबा देऊन, उघडपणे करू द्या. शहरात भाव काय, समुद्रकाठी काय, हे दलालही सांगेल. आपल्या आकड्यात बहिणीचा किती आहे, हे मात्र आपल्यालाच काढावं लागतं.

परवा आपांचा फोन आला. त्या रत्नागिरीहून बोलत होत्या. कुणालाही न कळवता गेल्या होत्या, आपल्या किल्लीने दार उघडून.