दुधाचा वाद जनुकांच्या दारी

दूध हृदयाला तारक की मारक? नुसत्या आहाराच्या प्रश्नावल्या भरून हा वाद मिटत नाही. दूध पिणारे बरेचदा बाकीची पथ्यंही पाळतात. मग श्रेय कुणाचं?

म्हणून संशोधकांनी जनुकं गाठली. मोठेपणीही दूध पचवू देणारा डीएनएतल्या एका अक्षराचा जनुकीय बदल जन्मतःच मिळतो, पगार पाहून नाही. तो असलेले सरासरी थोडं जास्त दूध पितात. २०२१ मध्ये ब्रिटनच्या रेडिंग विद्यापीठाच्या चमूला या मार्गाने दुधाशी जोडलेलं कमी कोलेस्टेरॉल आणि हृदयधमनीविकाराचा सुमारे १४ टक्के कमी धोका आढळला. वजन मात्र किंचित जास्त.

२०१५ च्या डॅनिश अभ्यासात मात्र दूध आणि हृदयधमनीविकार यांच्यात असा संबंध दिसला नव्हता.

दुधाला खलनायक ठरवणं घाईचं आहे, औषध म्हणणंही. शिवाय पुरावा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा. त्यावरून आपल्याकडच्या साखर घातलेल्या मसाला दुधाला प्रशस्तिपत्र मिळत नाही.