संगणकातील दुभाषी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा नियमित आधार काढून घेतला आणि शाळांतील व लहान कचेऱ्यांतील असंख्य धडधाकट संगणक एका दिवसात जुनाट ठरले. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने नवे यंत्र घ्यावे, असाच याचा व्यवहारातील अर्थ. लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली अशा यंत्रांवर सुखाने चालते. तरीही कारकून तिकडे वळत नाही, आणि याला त्याचा आळस कारण नाही. ज्या प्रोग्रॅमवर तो पगारपत्रक करतो तो विंडोजसाठीच लिहिलेला असतो.

अडचण कोठे आहे, हे नीट पाहिले पाहिजे. आकडेमोड प्रोसेसर करतो आणि तो दोन्हीकडे एकच असतो. परंतु फाइल उघडणे, पडद्यावर चौकट रेखाटणे, छपाई करणे यांसाठी प्रोग्रॅमला कार्यप्रणालीकडे अर्ज करावा लागतो. अर्जाचे नमुने मात्र प्रत्येकीचे निराळे. विंडोजच्या नमुन्यातील अर्ज लिनक्सच्या टेबलावरून न वाचताच परत येतो. १९९३ साली सुरू झालेल्या ‘वाइन’ प्रकल्पाने तेथे दुभाषी बसवला. मायक्रोसॉफ्टच्या मूळ संहितेला हात न लावता, विंडोजचे बाह्य वर्तन न्याहाळून हे काम झाले. पहिली स्थिर आवृत्ती निघण्यास २००८ साल उजाडले! संगणकात दुसरा आभासी संगणक उभारण्याचाही मार्ग आहे. पण त्यात विंडोजची प्रत आणि तिचा परवाना लागतोच. वाइनला दोन्ही लागत नाहीत. २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने वाइनच्या पायावर ‘प्रोटॉन’ उभारला, तो मात्र संगणकावरील खेळांसाठी. कचेऱ्यांच्या निकडीने जे पैसे या कामाकडे वळले नाहीत ते करमणुकीने वळवले, ही गंमतच म्हणायची.

दुसऱ्याचे नमुने वापरणे ही चोरी नव्हे काय, असा प्रश्न येईल. गूगलने जावाच्या सुमारे ११,५०० ओळी उचलल्या म्हणून ओरॅकलने दावा लावला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी तो वापर न्याय्य ठरवला. अशा नमुन्यांवर स्वामित्वहक्क असतो की नाही, हा मूळ प्रश्न मात्र न्यायालयाने खुला ठेवला. शिवाय तो निकाल त्या देशापुरताच आहे.

दुभाष्याच्या मर्यादाही आहेत. ज्या प्रोग्रॅमला यंत्राच्या मागे खोचायचे हार्डवेअर कुलूप लागते तो वाइनखाली बहुधा अडतो, कारण कुलपाचा चालक खास विंडोजच्या गाभ्यासाठी लिहिलेला असतो. मराठी मुद्रणालयांना हे वेगळे सांगायला नको. यूनिकोडपूर्व टंकांत जुळवलेला मजकूर त्याच टंकाशिवाय आजही अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. असा मजकूर मूळ प्रोग्रॅम चालू आहे तोवरच यूनिकोडमध्ये उतरवून घेतला पाहिजे.

तेव्हा सगळा भार स्वयंसेवकांवर टाकून चालणार नाही. शाळांवर व कार्यालयांवर एखादा प्रोग्रॅम बंधनकारक करणाऱ्या सरकारी खात्याने तो किमान दोन कार्यप्रणालींवर चालवून दाखवण्याची अट निविदेतच घालावी. ते जमत नसेल तर मूळ संहिता खात्याकडे ठेवून घ्यावी. कंत्राट संपल्यावर ती मागत फिरण्यात अर्थ नसतो.