प्रायश्चित्त कोणी ठरवावे?

एखाद्या राजकीय पक्षातील अधिकारारूढ पुरुषाचा गैरव्यवहार चव्हाट्यावर आला, म्हणजे त्या पक्षाकडून आत्मशुद्धीचा जो सोहळा आरंभिला जातो, त्याचा क्रम आता जनतेला तोंडपाठ झाला आहे. प्रथम साफ इन्कार, मग चौकशीचे आश्वासन, त्यानंतर नैतिक जबाबदारीचा राजीनामा, आणि पुरेसा काळ लोटल्यावर त्याच पुरुषाचे सन्मानपूर्वक पुनरागमन, हा क्रम वारंवार पाहून ‘पक्ष नावाची संस्था स्वतःला सुधारूच शकत नाही’ असा निराश निष्कर्ष अनेक विचारी माणसे काढू लागली आहेत. आम्हाला तो निष्कर्ष मान्य नाही. पक्ष सुधारू शकतो, आणि या देशात काही प्रसंगी तो सुधारलाही आहे. मात्र ज्याच्या हातून दोष घडला त्यानेच आपले प्रायश्चित्त ठरवू नये, ही एक अट पाळली गेली तेव्हाच ते घडले, आणि जेथे ती मोडली गेली तेथे शुद्धीचा केवळ देखावा उरला.

ही अट नवी नव्हे. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि रामघाट या काशीच्या परिसरात महाराष्ट्रातून गेलेली शास्त्र्या-पंडितांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, आणि रामघाटावरील सांगवेद विद्यालयात आजही वेदपठण चालते. याच काशीत अठराव्या शतकात नागेशभट्टांनी ‘प्रायश्चित्तेंदुशेखर’ हा ग्रंथ रचला. आणि या विषयाचा सारा विस्तार महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात मांडून ठेवला. त्या शास्त्राचा दंडक असा की, दोषी मनुष्याने स्वतः विद्वानांच्या परिषदेपुढे उभे राहावे, आपला दोष आपल्या तोंडाने उच्चारावा, आणि परिषद जे सांगेल ते आचरावे. जाणत्याने जाणूनही सांगितले नाही, तर तोही त्या दोषाचा वाटेकरी होतो, इतक्या स्पष्ट शब्दांत स्मृतिकारांनी मौनाचीही गणना अपराधात केली. या परिषदांनी स्त्रियांवर आणि जातीने हीन मानलेल्या समाजांवर जे अन्याय केले, ते आम्ही विसरलो नाही, आणि त्या व्यवस्थेचे पुनरुज्जीवन कोणाही सुज्ञास नको आहे. परंतु दोषाचा उघड उच्चार, निवाडा करणारा तिऱ्हाईत, आणि जाणत्याचे बोलण्याचे कर्तव्य ही तीन तत्त्वे जातिव्यवस्थेहून मोठी आहेत, आणि कोणत्याही पक्षाच्या शुद्धीची परीक्षा त्यांवरच व्हावी.

या परीक्षेस उतरलेली उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत. १९३८ साली मध्य प्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ असता, कायदेमंत्री शरीफ यांनी एका गंभीर गुन्ह्यातील कैद्यास मुदतीपूर्वी मुक्त केल्यामुळे लोकांत संताप उसळला. मंत्री आपला, प्रांत आपला, आणि परकीय सत्ता टपून बसलेली, अशा वेळी प्रकरण दडपण्याचा मोह किती प्रबळ असेल याची कल्पना करता येते. तथापि काँग्रेसच्या कार्यकारिणीने ते प्रकरण सर मन्मथनाथ मुखर्जी या उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींच्या हवाली केले, त्यांचा अभिप्राय शिरोधार्य मानला, आणि मंत्र्यांना पद सोडावे लागले.

स्वातंत्र्यानंतरही काही काळ ही परंपरा टिकली. १९५१ साली मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचा आरोप एच. जी. मुद्गल या काँग्रेस सभासदावर आला, तेव्हा चौकशीचा ठराव स्वतः पंतप्रधान नेहरूंनी मांडला. सभागृहाच्या समितीने दोष सिद्ध ठरविला, आणि हकालपट्टी टाळण्यासाठी मुद्गलांनी ऐन वेळी राजीनामा दिला असताही, ते हकालपट्टीसच पात्र होते असा ठराव करून संसदेने आपला निवाडा दप्तरी नोंदविला. राजीनाम्याने प्रकरण मिटत नाही, हे त्या सभागृहास ठाऊक होते. पुढे आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग घेतल्याचे प्रकरण १९५७ च्या डिसेंबरात लोकसभेत उघड केले ते विरोधकांनी नव्हे, तर सत्ताधारी पक्षाच्या फिरोझ गांधींनी. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मुहम्मद करीम छागला यांनी त्याची चौकशी लोकांच्या देखत चालविली आणि अल्पावधीत अहवाल दिला. १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. तिन्ही तत्त्वे येथे एकत्र आली: पक्षातला जाणता बोलला, तिऱ्हाइताने निवाडा दिला, आणि दोष सर्वांसमक्ष उच्चारला गेला.

या परंपरेचा लोप कसा झाला, हे पाहू गेल्यास महाराष्ट्राने १९८२ च्या जानेवारीकडे वळावे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते, ते कोणास किती मिळावे हे सरकार ठरवीत असे. आणि ज्यांना ते हवे त्या बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्याशी निगडित विश्वस्त निधीत जमा होत होत्या. अरुण शौरी यांनी १९८१ च्या ऑगस्ट अखेरीस वृत्तपत्रातून हा प्रकार मांडला. न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध जोडणारा निकाल दिला, आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. पुढील फौजदारी कारवाईत त्यांना शिक्षा झाली नाही, ही गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. आमचा प्रश्न पक्षासंबंधी आहे. निवाडा न्यायालयाने दिला, तो पक्षाने मागितला नव्हता. पक्षाने केवळ माणूस बदलला. नवा मुख्यमंत्री आमदारांच्या मुक्त पसंतीने निवडला गेला नाही, दिल्लीहून नेमला गेला, आणि त्यानंतरच्या सुमारे चार वर्षांत महाराष्ट्राने आणखी तीन मुख्यमंत्री पाहिले. ज्या पद्धतीने पक्षासाठी पैसा जमा होत होता, आणि ज्या पद्धतीने वरून नेमणुका होत होत्या, त्या दोन्ही पद्धतींना कोणी हात लावला नाही.

सुमारे चार वर्षांनी, १९८५ च्या डिसेंबरात, काँग्रेसची शताब्दी मुंबईत साजरी झाली. ज्या नगरीत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत १८८५ साली हा पक्ष जन्मला, त्याच नगरीत पक्षाध्यक्ष राजीव गांधी यांनी सत्तेचे दलाल सामान्य कार्यकर्त्याच्या पाठीवर स्वार झाले आहेत, असे उघड बोलून दाखविले. अध्यक्षानेच दोषाचा उच्चार केला, ही शुद्धीची पहिली पायरी होती, आणि ती घेण्यास धैर्य लागले हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दुसरी पायरी आलीच नाही. अनेक वर्षे न झालेल्या पक्षांतर्गत निवडणुका त्या भाषणानंतरही झाल्या नाहीत. त्या होण्यास १९९२ साल उजाडावे लागले.

आणि तिसऱ्या तत्त्वाची कसोटी लागली ती काशीच्याच एका पुत्राच्या बाबतीत. पंडित कमलापती त्रिपाठी यांनी वृत्तपत्रविद्या ‘आज’ या दैनिकात, काशीस्थ मराठी घराण्यातील संपादकाचार्य बाबूराव विष्णू पराडकर यांच्या सहवासात आत्मसात केली होती. ज्या संपादकाने परकीय सत्तेपुढे लेखणी वाकविली नाही, त्याच्याकडून सत्य बोलण्याचा पाठ त्यांना मिळाला होता. मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, १९८० साली वाराणसीचे खासदार, आणि पुढे पक्षाचे कार्याध्यक्ष, अशा अधिकाराच्या या वृद्ध पुरुषाने १९८६ साली पक्षाच्या दुरवस्थेविषयी अध्यक्षांना पत्र लिहिले. त्या पत्राचा गाजावाजा झाला तेव्हा मजकुराचा विचार झाला नाही; लिहिणाराच्या निष्ठेचा झाला. त्याच वर्षी त्यांचे कार्याध्यक्षपद संपुष्टात आले. पुढल्या वर्षी बोफोर्स तोफांच्या व्यवहाराचे वादळ आले, आणि चौकशीसाठी नेमलेली संसदीय समिती, विरोधकांनी बहिष्कार घातल्यामुळे, ज्याच्यावर आरोप होता त्याच पक्षाच्या बहुमताची राहिली. २००४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधींवरील लाचेचा आरोप रद्द केला, तेव्हा ते ऐकण्यास हयात नव्हते. तिऱ्हाइताचा निवाडा दोषीस दंड देतो इतकेच नव्हे, तर निर्दोषास संशयातून सोडवितोही; तो नाकारणारा पक्ष आपल्याच माणसांचा घात करतो.

याची किंमत मोठी पडली. उत्तर प्रदेशातील ८५ लोकसभा जागांपैकी १९८४ साली ८३ जिंकणारा पक्ष १९८९ साली १५ वर आला. त्या वर्षाच्या अखेरीस लखनौची गादी गेली, ती आजतागायत परत मिळाली नाही. या पतनाची सामाजिक आणि धार्मिक कारणे इतरही होती. परंतु आपल्याच वडीलधाऱ्याचे पत्र न वाचणाऱ्या पक्षाला मतदाराचे मन वाचता आले नाही, हे कारण त्यांत गौण नव्हते.

याउलट, जर्मनीतील ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाकडे पाहावे. १९९९ साली त्या पक्षाच्या गुप्त देणग्या उघडकीस आल्या, आणि सोळा वर्षे राज्य केलेल्या हेल्मुट कोल यांनी देणगीदारांची नावे सांगण्यास नकार दिला. तेव्हा पक्षाच्या सरचिटणीस अंगेला मेर्केल यांनी वृत्तपत्रात स्वतःच्या नावाने लेख लिहून, पक्षाने आपल्या महापुरुषाच्या छायेतून बाहेर पडावे, असे बजावले. कोल यांना सन्माननीय अध्यक्षपद सोडावे लागले, संसदेच्या अध्यक्षांनी पक्षाला कोट्यवधी मार्कांचा दंड ठोठावला, आणि लेख लिहिणारी सरचिटणीस काही महिन्यांत पक्षाध्यक्ष झाली. तो पक्ष २००५ साली पुन्हा सत्तेवर आला. कमलापतींचे पत्र आणि मेर्केल यांचा लेख यांच्या हेतूंत आणि काळांत कितीही अंतर असो, दोन पक्षांच्या वर्तनातील अंतर त्याहून अधिक बोधप्रद आहे: एकाने बोलणाऱ्यास दूर सारले, दुसऱ्याने त्यास अध्यक्ष केले.

हा दोष एकाच पक्षाचा मानणे ही आत्मवंचना ठरेल. कुलाब्यातील आदर्श इमारतीच्या प्रकरणी २०१० साली मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. चौकशी आयोगाचा अहवाल मंत्रिमंडळाने २०१३ साली आधी फेटाळला आणि मग २०१४ च्या आरंभी काही अंशी स्वीकारला. राज्यपालांनी खटल्यास दिलेली मंजुरी उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केली, हे खरे. तथापि ज्या भारतीय जनता पक्षाने या प्रकरणावरून वर्षानुवर्षे रान उठविले, त्याच पक्षात २०२४ साली त्यांचे स्वागत झाले, तेव्हा पूर्वीचा आरोप खोटा होता की आजचे स्वागत चुकीचे आहे, याचा खुलासा मतदारास कोणी केला नाही. पक्षांतर हेच प्रायश्चित्त, असा नवा दंडक रूढ होत असेल, तर तो सर्व पक्षांच्या अंताचा आरंभ आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा सहा राष्ट्रीय पक्षांस लागू आहे, असा निर्णय केंद्रीय माहिती आयोगाने २०१३ साली दिला, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या त्या पक्षांनी तो न पाळण्यात मात्र एकजूट दाखविली. निनावी देणगीची निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली. तोवर बहुतेक प्रमुख पक्षांनी तिचा लाभ घेतला होता.

आमची मागणी म्हणूनच सर्व पक्षांकडे सारखी आहे. त्यांनी आपला जमाखर्च माहितीच्या अधिकाराखाली खुला करावा. गंभीर आरोप आला की चौकशी पक्षाबाहेरच्या न्यायविदाकडे सोपवावी आणि अहवाल अक्षरशः प्रसिद्ध करावा. निवाडा होईतो, आरोपित मनुष्य आपला असो वा दुसऱ्या पक्षातून आलेला, त्यास पद देऊ नये. पक्षांतर्गत निवडणुका गुप्त मतदानाने आणि तिऱ्हाइताच्या देखरेखीखाली घ्याव्यात. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे, जो कार्यकर्ता पक्षातच राहून पक्षाचा दोष सांगतो, त्यास शत्रू न मानता पक्षाच्या प्राणांचा रक्षक मानावे.

वाचकांकडेही आमचे एक मागणे आहे. यापुढे कोणी राजीनामा दिला, म्हणजे त्यावर संतुष्ट होऊन प्रकरण मिटले असे समजू नका. निवाडा कोणी केला, अहवाल कोठे आहे, आणि पहिल्यांदा ज्याने तोंड उघडले तो आज पक्षात कोणत्या जागी आहे, हे तीन प्रश्न मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास विचारा. ज्या पक्षाजवळ त्यांची उत्तरे असतील, तो काल कितीही पतित असला तरी विश्वासास पात्र आहे, आणि ज्याच्याजवळ ती नसतील, त्याच्या शुद्धीच्या घोषणेस कवडीचीही किंमत देऊ नका.