पांढऱ्या दातांची जाहिरात आणि मिसरीची डबी

दात पांढरेशुभ्र करून देणाऱ्या जाहिरातींचा सध्या सुळसुळाट झाला आहे. टीव्ही लावा, मोबाईल उघडा, नाहीतर शहरातील दवाखान्यांच्या पाट्या वाचा. काही हजार रुपये मोजा आणि मोत्यासारखे हसा! ज्यांच्या खिशात पैसा आहे त्यांनी जरूर हसावे, आमची हरकत नाही. आमचा प्रश्न शहागडचा आहे.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील, गोदावरीकाठचे, धुळे-सोलापूर महामार्गावरचे हे गाव. पूल ओलांडला की बीड जिल्हा. जवळच अंकुशनगरचा साखर कारखाना. या पट्ट्यात ऊसतोडीला, शेतमजुरीला, वीटभट्टीवर राबणाऱ्या आमच्या अनेक आयाबहिणी पहाटे दात कशाने घासतात? मिसरीने. कोणी तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. दिवसातून एकदा नव्हे, चार-चार वेळा.

शिकलेली मंडळी याला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. पण पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या बाईला मिसरीने भूक मारता येते आणि दाढेचा ठणका दाबता येतो, हे त्या मंडळींना कोण सांगणार? दाढ दुखली म्हणून दिवसाची मजुरी बुडवायची, गाडीभाडे भरायचे आणि वर दंतवैद्याची फी द्यायची. त्यापेक्षा पुडी स्वस्त. तिच्यासाठी मिसरी हेच मंजन आणि हेच औषध. त्या औषधाची किंमत मात्र पुढे वसूल होते. दात काळे पडतात, हिरड्या मागे सरकतात, मुळे उघडी पडतात, गालाच्या आत पांढरा चट्टा उठतो. त्यातले काही चट्टे पुढे कर्करोगाचे रूप घेतात.

ही माहिती सरकारला नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासून १९७२ साली निष्कर्ष छापले. २००४ साली मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. त्यात तंबाखू वापरणाऱ्या बहुतेकजणी मिसरीच लावणाऱ्या होत्या, आणि त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. म्हणजे आईच्या हिरडीला चोळलेली तंबाखू पोटातल्या लेकरापर्यंत पोहोचते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १७ टक्के प्रौढ स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या. त्यातल्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्या अगदी थोड्या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. व्यवसायाने वकील असल्याने हे जरा सविस्तर सांगतो. केंद्र सरकारने ३० एप्रिल १९९२ रोजी औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली अधिसूचना काढून तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर बंदी घातली. तिला आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये 'लक्ष्मीकांत विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात बंदी कायम केली. इथपर्यंत ठीक. पुढे २००३ साली संसदेने सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा केला. त्याच्या अनुसूचीत दहा वस्तू आहेत. दहावी वस्तू कोणती? तंबाखूयुक्त दंतमंजन! एका कायद्याने जी वस्तू बनवायलाच बंदी, तीच दुसऱ्या कायद्यात इशारा छापून विकायच्या मालाच्या यादीत बसली आहे. यावर संसदेत कोणाला हसू आले की नाही, देव जाणे. आम्ही तर देव मानत नाही.

खरी पळवाट याच्याही पुढे आहे. १९४० च्याच कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे. शरीराच्या कोणत्याही भागाला स्वच्छतेसाठी वा शोभेसाठी चोळण्याकरिता असलेली वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. मग मिसरी दुसरे काय आहे? ती दातांना चोळण्यासाठीच विकली जाते आणि दात घासण्यासाठीच घेतली जाते. पण पुडीवर नुसते 'तंबाखू' छापले की ती दंतमंजन उरत नाही, १९९२ ची बंदी तिला शिवत नाही. सुटी विकली तर पुडीच नाही, मग इशाऱ्याचे चित्र कुठे छापणार? कायदा कागदावरचे नाव वाचतो, बाईच्या बोटावर काय आहे ते बघत नाही. अन्न व औषध प्रशासनाने मिसरीला वापरावरून दंतमंजन ठरवावे, ही मागणी कायद्यात पूर्ण बसते. प्रशासन ऐकत नसेल तर औरंगाबाद खंडपीठ दूर नाही.

नुसत्या बंदीने भागत नाही, हे गुटख्याने शिकवले आहे. राज्याने २००२ साली गुटखा बंद केला. २००४ मध्ये 'गोदावत पान मसाला' निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. २०१२ पासून नव्या अन्न सुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आहे. तरी महामार्गावरच्या टपरीला विचारून बघा. तरुण पोरांच्या तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत, इतके जबडे आखडले आहेत. म्हणून बंदीच्या जोडीला दाताचा डॉक्टर हवा.

तो कुठे आहे? शासकीय दंत महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. शहागडहून सत्तर किलोमीटरच्या वर. केंद्राच्या आरोग्य मानकांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर दंतशल्यचिकित्सकाचे पद धरलेले आहे. २०१४ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमही आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पाच लाखांचे कवच जाहीर झाले. त्यात कर्करोगाची शस्त्रक्रिया बसते. दात साफ करणे, किडलेली दाढ भरणे, कवळी बसवणे बसत नाही. जबडा कापायला पैसा आहे, दाढ वाचवायला नाही. हा हिशेब कोणी मांडला?

वस्तीतला एक गैरसमजही जाता जाता दूर केला पाहिजे. डॉक्टरकडे दात साफ केले की ते ढिले होतात, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. दातांवर चढलेले किटण निघाल्यावर आधीच झिजलेली हिरडी दिसू लागते आणि दोष डॉक्टरला जातो. किटण हेच हिरडी खाते. मिसरीचा काळा डाग त्या सफाईने बराच निघतो. दात चमकवण्याचे ब्लिचिंग ही वेगळी, महागडी गोष्ट. तिची गरज क्वचितच. साधा मऊ ब्रश, फ्लोराइडची साधी पेस्ट आणि रात्री झोपताना एकदा घासणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा देताना त्याचे पाच लाभ सांगितले, ते चुल्लवग्गात आहेत. तोंडाला दुर्गंधी येत नाही, अन्नाची चव कळते, डोळ्यांना हितकर, असे ते व्यवहारी लाभ. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूसंघाला जे कळले ते आमच्या विहारात वर्षावासात एखाद्या रविवारी सांगायला काय हरकत आहे?

कार्यकर्त्यांनी आधी एक काम करावे. जालन्याच्या जिल्हा शल्यचिकित्सकांकडे माहिती अधिकारात अर्ज टाकावा. जिल्ह्यात दंतशल्यचिकित्सकांची मंजूर पदे किती, भरलेली किती? अंबड तालुक्यात दाताची खुर्ची कुठे आहे, चालू आहे की गंजली आहे? गेल्या वर्षी तेथे किती दाढा भरल्या आणि किती नुसत्या उपटल्या? शाळा-अंगणवाडीच्या तपासणीत दाताचे किती दोष निघाले आणि त्यातल्या किती मुलांना उपचार मिळाले? उत्तराची मुदत ३० दिवस. फी १० रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही माफ आहे.