भेंडीच्या ठशापुढे काय?



तुमच्या शाळेत कला-कार्यानुभवाच्या तासाला ठसेकाम होतं का? "होतं की!" असंच तुम्ही म्हणाल. माझ्याही वर्गात होतं. भेंडी, बटाटा, पानं, कधी अंगठ्याचे ठसे. भेंडी बाई कापणार, रंग बाई कालवणार, फुलाची बाह्यरेषा बाईच काढून देणार आणि मुलांनी तिच्या आत ठसे मारायचे. मग फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा, झाला उपक्रम. गेली अकरा वर्षं मी हेच करत आले. यात शिकण्यासारखं अजून काही असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मागच्या दिवाळीनंतर एका मैत्रिणीच्या आग्रहावरून मी छापचित्रांच्या एका छोट्या कार्यशाळेला गेले. चार रविवार, सहाच जण आणि जागा म्हणजे एका चित्रकार ताईंच्या घराची पुढची खोली. मधे मोठं टेबल, कोपऱ्यात हाताने फिरवायचं प्रेस, आणि छताखाली बांधलेल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत लावलेली चित्रं. आतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. घरच असल्यामुळे कुणी दबकून वागत नव्हतं.

आम्ही लिनोवर काम केलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा नाहीतर लाकडाचा बारीक चुरा असं मिश्रण तागाच्या कापडावर थापून केलेली जाड चादर. मुळात ही जमिनीवर अंथरायची वस्तू. थंडीत ती कडक होते, म्हणून ताई आधी पंधरा मिनिटं उन्हात ठेवायला लावायच्या. चित्र काढायचं आणि जो भाग पांढरा हवा तो छोट्या कटरने कोरून काढायचा. काचेवर शाई घेऊन रोलर फिरवायचा. शाई नीट पसरली की रोलरचा बारीक चरचर असा आवाज येतो. तो आवाज ओळखायला मला दोन रविवार लागले. मग लिनोवर शाई, वर कागद आणि कागदाच्या पाठीवरून स्टीलच्या चमच्याची पाठ घासायची. प्रेस नसलं तरी चालतं. एकच नियम कडक: दुसरा हात नेहमी कटरच्या मागे, पुढे कधीच नाही.

मी ठरवून गेले होते की वर्गासाठी अंककार्डं करायची. शिक्षिकेचा स्वभाव, कुठेही गेलं तरी शैक्षणिक साहित्यच दिसतं! मोठ्या हौसेने ३ काढला, तासभर कोरला, छापला, आणि कागद उचलला तर समोर चक्क ६. शेपटी तेवढी भलत्याच बाजूला. छाप उलटा येतो हे मला 'माहीत' होतं हो. डी.एड.च्या फाइलमध्ये मुद्रणावर पानभर लिहिलंही होतं. पण हाताला माहीत नव्हतं.

सगळे हसले, मीही हसले. ताई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, कागदावरचं खोडता येतं, लिनोवरचं नाही. आता या तुकड्याचं काय करता येईल ते बघा." मग शेपटीच्या जागी उरलेल्या लिनोतून खटपट करून मी त्याचा खरोखरच ६ केला.

घरी येताना एसटीत मात्र मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. दुसरीतला आहे. ३ आणि ६ मध्ये त्याचा हमखास गोंधळ होतो. त्याच आठवड्यात त्याच्या वहीवर लाल पेनाने फुली मारून मी ३ चा आकडा दोन पानं लिहून आणायला सांगितलं होतं. त्याने आणलाही होता, पहिल्या चार ओळी ३ आणि पुढे पानभर ६. मी चिडले होते. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते. आणि मी स्वतः, बाई, तीस पार केलेली, तासभर पूर्ण लक्ष देऊन तेच करून आले होते. फरक इतकाच की मला कुणी फुली मारली नव्हती.

गैरसमज नको. छापचित्र केल्याने मुलांचा आकड्यांचा गोंधळ जातो, असं मी म्हणत नाही. तसा दावा कुणी केला तर विश्वासही ठेवू नका. मला म्हणायचंय ते आपल्याबद्दल, म्हणजे शिकवणाऱ्यांबद्दल. नवशिक्याच्या जागी आपण शेवटचं कधी बसलो होतो? आपली प्रशिक्षणं आठवा. एका सभागृहात दीडशे जण, पुढे पडद्यावर स्लाइड, मागच्या रांगेत चहा कधी येतो याची चर्चा. 'हस्तकौशल्यातून अध्ययन' यावर मी असं एक अख्खं प्रशिक्षण घेतलंय, ज्यात माझ्या हातात पेनाशिवाय काहीच आलं नाही. कटर किती तिरपा धरायचा हे स्लाइडवरून कळत नाही. त्यासाठी शेजारी बसून कुणाच्या तरी मनगटाकडे बघावं लागतं आणि त्या व्यक्तीलाही आपल्या मनगटाकडे बघायला वेळ असावा लागतो. सहा जणांत ते होतं, साठ जणांत नाही.

ताईंनी एका दुपारी आम्हाला 'सहज पाठ'ची पानं दाखवली. रवींद्रनाथ ठाकुरांचं हे बंगाली बालवाचन १९३० सालचं, आणि त्यातली चित्रं नंदलाल बोस यांची, लिनोवर कोरलेली. काळा आणि पांढरा, बस्स! मी पहिली-दुसरीला शिकवते, त्यामुळे मी त्या पानांकडे जरा जास्तच वेळ बघत बसले. आपल्याकडेही छापचित्रं काही परकी नाहीत. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर पोहोचल्या. ती दगडावरची छपाई, तंत्र वेगळं. चित्तप्रसाद तर अंधेरीत राहून राबणाऱ्या मुलांची चित्रं लिनोत कोरत होते. आपण मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवतो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं घोटून घेतो. पण एका चित्राच्या अनेक प्रती निघतात आणि त्या सगळ्या 'मूळ'च असतात, ही गंमत त्यांना कळतच नाही.

आता पालकांशी थोडं बोलते. सुट्टीत मुलांना कार्यशाळेला घालता आणि पहिल्या दिवशी विचारता, "घरी काय आणलं?" पहिल्या दिवशी काहीही आणलेलं नसणं हे चांगलं लक्षण समजा. मी एके ठिकाणी असंही पाहिलंय की ठोकळे आधीच कोरून ठेवलेले, मुलांनी फक्त शाई लावायची आणि फ्रेम घेऊन घरी जायचं. ते वाईट नाही, पण त्याला शिकणं म्हणू नका. पहिला छाप काढायचा, बघायचा, कुठे काळं जास्त झालंय ते शोधायचं, पुन्हा कोरायचं, पुन्हा छापायचं, यातच खरं काम आहे. फी भरण्याआधी एवढंच विचारा: एका टेबलाशी किती मुलं असतात? आणि मुलाने एखादा तुकडा बिघडवला तर दुसरा मिळतो का?

फीचा मुद्दा मी टाळणार नाही. मी चार रविवारांचे दीड हजार दिले. माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक ते देऊ शकत नाहीत आणि त्यांनी द्यावेत असंही मी म्हणणार नाही. म्हणूनच माझं मत असं की अशा ठिकाणी आधी शिक्षकांनी जावं. एक बाई शिकून आली तर चाळीस मुलांपर्यंत काहीतरी पोहोचतं.

माझ्या वर्गात कटर अजिबात आणला नाही, वय लहान आहे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवायची, एक दिवस वाळू द्यायची, रोलरने रंग लावायचा आणि वर्तमानपत्रावर छापायचं. गट सहा-सहाचे केले. बाकीची मुलं तोवर पानांवर कागद ठेवून खडू घासत होती. गोंगाट भरपूर, आणि शेजारच्या वर्गातल्या सरांनी दोनदा डोकावून पाहिलं. ताईंकडची एक पद्धत तशीच उचलली. प्रत्येकाने सहा छाप काढायचे आणि गटात वाटायचे. त्यामुळे घरी जाताना प्रत्येकाच्या हातात सहा जणांची चित्रं. एका आईने दुसऱ्या दिवशी विचारलं, "बाई, यातलं आमच्या पोरीचं कोणतं?" पोरीने तिला आधी मैत्रिणींची पाच दाखवली होती म्हणे.

माझी अंककार्डं आता फळ्यावर दोरीला लटकतात. तो मुलगा परवा ६ च्या कार्डाखाली उभा राहून मान वाकडी करून बघत होता. म्हणाला, "बाई, हा आधी तीन होता ना?" शेपटीजवळ कोरल्याची खूण राहिलीये, ती त्याला दिसली. मी हो म्हटलं आणि सगळी गोष्ट सांगितली. तो अजूनही कधीकधी चुकतो. मी लाल फुली मारायचं बंद केलंय. वहीवर एक बाण काढते आणि तो आरशाशी जाऊन बघून येतो.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्रातल्या आम्ही दोघी पुन्हा चार रविवार जाणार आहोत, या वेळी रंगीत छपाई शिकायला. एका सेटमध्ये दोघी भागवणार आहोत. तुमच्या गावात असं घर असेल, तर आधी एक रविवार नुसतं बसून बघायची परवानगी मागा. आमच्या ताई देतात, चहासकट.